कूलिंग

तुमचं नाव मी कुठेही लिहायचं नव्हतं.
फाईलवर फक्त शून्य-चार-एक-सात,
पुरुष, वय एकोणसत्तर, एक हार्ट अटॅक, जुना.
पण तोरस्कर, संमतीपत्राच्या आठव्या पानावर
तुम्ही बोट ठेवलंत आणि विचारलंत,
दीर्घकालीन दाह म्हणजे नक्की काय हो, बाई?

मी पाठ केलेलं सांगितलं.
शरीर स्वतःशीच भांडत राहतं, वर्षानुवर्षं,
ना ताप, ना ठणका,
रक्तातला एक आकडा तेवढा चढलेला.
म्हणजे धग, तुम्ही म्हणालात.
भायखळ्याला फायर ब्रिगेडमध्ये एकतीस वर्षं काढली.
ज्वाळा काय, तासाभरात विझते,
बघे पांगतात.
मग आमचं खरं काम. कूलिंग.
कापडाच्या गठ्ठ्यात हात घालून बघायचं:
वरून चिंब, आत लालभडक.
मांडवीच्या एका गोदामावर
तीन दिवस पाणी मारत होतो.

मी ते समासात पेन्सिलीनं लिहून घेतलं
आणि खोडलं.
तपासायला येणाऱ्यांना समासातलं चालत नाही.

परळच्या या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या एक्स-रे रूममध्ये,
उणे ऐंशीचा फ्रीझर दिवसभर घुमतो.
त्यात तुमच्या रक्ताच्या कुप्या, बर्फाळ, ओळीनं.
गोळी खरी की नुसती दिसायला खरी
हे तुम्हाला ठाऊक नाही, मला नाही,
डॉक्टर सिधवांनाही नाही.
आंधळी कोशिंबीर, फक्त इथे
सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी.

बाटलीत पस्तीस, घ्यायच्या अठ्ठावीस,
सात परत आणायच्या.
निळ्या ट्रेवर मी त्या पाच-पाच सरकवत मोजायची
आणि तुम्ही माझ्याबरोबर ओठ हलवायचात.
सहा महिने हिशोब चोख.
सातव्या महिन्यात बाटली रिकामी.

तुम्ही एसीकडे बघत राहिलात.
मग म्हणालात, आमच्या हिचे गुडघे सुजतात.
आली होती की तुमच्याकडे, नाव घालायला.
डायबेटीस आहे म्हणून तुम्ही परत पाठवलीत.
बाई, शेजारच्या खोलीतून धूर येत असताना
एकाच खोलीवर पाणी मारत नाहीत.

मी रागावले. रागावायलाच हवं होतं.
तिला काही झालं असतं म्हणजे?
फॉर्म काढला, तारीख घातली, लिहिलं:
सात गोळ्या, घरातील अन्य व्यक्तीस.
एथिक्स कमिटीला पत्र, एक प्रत फाईलला.
गुडघ्यांसाठी रकाना नव्हता,
तरी पेनाला टोपण लावता लावता विचारलं.
तुमचा चेहरा उजळला.
अहो, जिना उतरते आता, मध्ये न थांबता.
परवा भाऊच्या धक्क्यावर गेली एकटी,
बांगडे घेऊन आली.

मार्चमध्ये कोड उघडला.
सिधवांनी यादी टेबलावर ठेवली
आणि चहा मागवला, प्यायले मात्र नाहीत.
मी बोटानं खाली खाली आले.
शून्य-चार-एक-सात. प्लासिबो.

फोन तुम्हीच उचललात.
मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी भांडी आवरतंय.
मी सांगितलं. तुम्ही जरा वेळ गप्प.
म्हणजे साखरेची गोळी?
अहो बाई, हिला डायबेटीस आहे!
नाही हो तोरस्कर, म्हणायची पद्धत आहे ती,
आत नुसतं स्टार्च, चिमूटभर.
हां. मग ठीक.

आणि माझा आकडा?
पाच पूर्णांक एकवरून चार पूर्णांक नऊ.
म्हणजे आहे तिथेच.
म्हणजे आहे तिथेच, मी म्हणाले,
सिधवांना भेटून जा, दुसरी औषधं बघू.

मागून बाईचा आवाज आला, कुणाचा फोन?
इस्पितळातला, तुम्ही म्हणालात,
आणि मग तोंड फोनला चिकटवून, अगदी हळू,
हिला सांगू नका हं एवढ्यात.
अजून उतरतेय जिना.